चपटी बाजू खाली

बारा जानेवारी १९९४, बुधवार. संध्याकाळचं काम: बोर्डावरचे सत्तावीस जोड पुन्हा तापवणे.

पुन्हा म्हणजे तिसऱ्यांदा. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वर्तमानपत्र पसरून मी सोल्डरिंगचं आयर्न घेऊन बसले होते. दुसऱ्या टोकाला माझा नवरा संक्रांतीचे तीळ निवडत होता. बँकेतून आला की तो सहसा पेपर वाचतो, पण त्या दिवशी पेपर माझ्या बोर्डाखाली होता.

"अगं, मी तो अजून वाचलेला नाही."

"काही नाही त्यात. तीळ बघा."

"यात खडे नाहीतच."

"मग लवकर संपेल."

बोर्ड म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी, एका बाजूला तांब्याच्या रेषा असलेली पट्टी. तिच्यावर दोन ट्रान्झिस्टर आणि दहा-बारा किरकोळ भाग. एवढ्या मालातून गिटारचा सूर लांबवणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल तयार होतं, असं एका मराठी मासिकात छापून आलं होतं. 'नवशिक्यालाही एका सुट्टीच्या दिवसात सहज जमेल' असंही त्यात होतं. माझे अकरा दिवस झाले होते.

पेडल अगदीच मुकं होतं असं नाही. मुकं असतं तर बरं, एकदा टाकून तरी देता आलं असतं. गिटार जोडून पायाने बटण दाबलं की शेजारच्या घरात कोणी तोंडावर उशी धरून खोकावं तसा आवाज येई आणि लगेच विझे. पेडल नसताना गिटार यापेक्षा बरी वाजत होती. आणखी एक गंमत होती. आवाजाचा खुंटा उजवीकडे फिरवला की आवाज लहान व्हायचा आणि डावीकडे फिरवला की मोठा. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. उलटा फिरतो तर उलटा फिरवू. आमच्या मोरीतला नळही प्लंबरने उलटाच बसवला होता, त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

माझी गिटार हवाईयन. ती मांडीवर आडवी ठेवतात, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवतात आणि उजव्या हाताच्या बोटांना नख्या घालून वाजवतात. कॉलेजात असताना क्लास लावून शिकले. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, शाळेतली नोकरी लागली, मुली शिकून बाहेरगावी गेल्या. मी वाजवत राहिले, कारण बंद कर असं कोणी सांगितलं नाही. मुलींच्या शाळेत मी शिवण आणि भरतकाम शिकवत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या टाक्यांना मार्क द्यायचे. गिटारला कोणी मार्क देत नव्हतं, म्हणून ती मला आवडायची.

मार्क देणारी निघाली आमच्या मंडळाची अध्यक्ष.

आम्ही वारज्याला नवीन राहायला आलो होतो. सोसायटीच्या महिला मंडळाचं जानेवारीअखेर हळदीकुंकू असे आणि त्यात तासभर गाण्यांचा कार्यक्रम. अध्यक्षबाई पेटी वाजवत आणि गाणाऱ्या, वाजवणाऱ्या ठरवत. डिसेंबरातल्या तालमीनंतर त्या मला म्हणाल्या, "तुमची गिटार फार गोड हो. पण ऐकू कुठे येते?"

"जरा पेटी हळू वाजवलीत तर येईल."

"पेटी हळू वाजवून चालत नाही. सूर पेटीवर धरायचा असतो. या वर्षी आपण झांज घ्या. झांजेचं एक बरं असतं, तिला काही कमी पडत नाही."

चाळीस बायकांसमोर असं बोलून त्यांनी यादीत माझ्या नावापुढे 'झांज' लिहिलंसुद्धा. मी म्हणाले, सोळा जानेवारीला, रविवारी सकाळी दहाला पुढची तालीम आहे, तोवर थांबा. ऐकू आली नाही तर देईन झांजेवर सही. त्या म्हणाल्या, थांबते, आमचं काय जातंय.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हाच वैताग होता. हवाईयन गिटारला लांब सूर लागतो. कांडी या स्वरावरून त्या स्वराकडे सरकत असताना सूर टिकायला हवा. माझ्या जुन्या गिटारचा सूर कांडीबरोबर निघायचा आणि अर्ध्या वाटेत खाली बसायचा. पुढचा अर्धा रस्ता कांडी एकटीच चालायची. तो सूर धरून ठेवणारं पेडल बाजारात मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मी दुकानातून बाहेर आले होते. मग ते मासिक हाती लागलं.

तांब्याच्या पट्टीवर रेषांचं चित्र उतरवायचं, रेषा रंगाने झाकायच्या आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं, अशी पद्धत दिली होती. चित्र उतरवण्यासाठी मासिकाने कार्बन पेपर सुचवला होता. कार्बन पेपर! मी वीस वर्षं मुलींना कापडावर छाप उतरवायला शिकवत होते. कडेचं पांढरं सगळं सोडून चित्र तेवढं कापून घेतलं, ट्रेसिंग पेपरवर काढलं आणि दोरा न ओवता शिवणयंत्रावर चालवून रेघेरेघेवर भोकं पाडली. मग रॉकेलमध्ये निळीची पूड कालवली, बोळा बुडवला, तांब्यावर कागद ठेवून फिरवला. कागद उचलला तर बारीक निळ्या ठिपक्यांचं इतकं स्वच्छ चित्र उमटलं होतं की मी ते नवऱ्याला नेऊन दाखवलं.

तो म्हणाला, "उशीच्या अभ्र्याला बरं दिसेल."

ठिपके ऑइलपेंटने जोडले. तांबं विरघळवण्याचं काम बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात केलं. त्याचे पिवळट तपकिरी डाग बाल्कनीच्या फरशीवर पडले आणि आम्ही ते घर विकलं तेव्हाही होते. भोकं पाडली, भाग बसवले. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात आणि त्याची एक बाजू चपटी असते. चित्रात दोन्ही ट्रान्झिस्टरांची चपटी बाजू खालच्या कडेकडे होती. मीही खालच्या कडेकडेच ठेवली. छाप जसा, तसा टाका.

आणि एवढं करून खोकला.

तर त्या बुधवारी मी सत्तावीस जोड तापवले. आधीपेक्षा सुंदर चकचकीत जोड झाले. नऊ व्होल्टची नवी बॅटरी लावली, गिटार मांडीवर घेतली, बटण दाबलं. आवाज तोच.

"आज जरा सर्दी कमी वाटते," नवरा तिळांतून मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी बोर्ड पर्समध्ये घालून बुधवार पेठेत गेले. साडेबारा वाजले होते, म्हणजे दुकान चार वाजेपर्यंत बंद व्हायला अर्धा तास होता. ज्या दुकानातून सगळे भाग घेतले होते, त्या दुकानदाराने मला पाहताच खुर्चीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. हा त्याचा निघायचा इशारा होता. मी काउंटरवर बोर्ड ठेवला.

"चालत नाही."

"काय चालत नाही?"

"हे."

"बाई, हे काय आहे ते मला माहीत आहे. तुम्हीच सामान नेलंत. चालत नाही म्हणजे काय होतं?"

"खोकतं."

त्याने टॉवेल पुन्हा खुर्चीवर टाकला. बोर्ड उलटासुलटा करून पाहिला, बॅटरी जोडली आणि मीटरच्या दोन सुया पायांवर टेकवल्या. एकदा, दोनदा. मग चष्मा कपाळावर नेऊन माझ्याकडे पाहिलं.

"जोड कुणी केलेत?"

"मी."

"जोड चांगले आहेत. बाकी सगळा आनंद आहे. जिथे व्होल्ट पाहिजेत तिथे काही नाही, आणि जिथे काही नको तिथे व्होल्ट. दोन्ही ट्रान्झिस्टर उलटे लावलेत तुम्ही."

"शक्य नाही."

"हे मीटर आहे, बाई. माझं मत नाही."

मी पर्समधून मासिकातलं कापलेलं चित्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. "हे बघा. चपटी बाजू खाली. आणि हे बघा माझं. चपटी बाजू खाली."

त्याने चित्र पाहिलं, बोर्ड पाहिला, परत चित्र पाहिलं. "आहे खरी खाली."

"मग?"

"मग चित्र चुकलंय. तुम्ही असं करा, दोन्ही काढा आणि फिरवून लावा. चपटी बाजू वर. दहा मिनिटांचं काम आहे."

"चित्रात तसं नाही."

"गिटार तुम्हाला वाजवायची आहे की चित्राला?"

मी वाद घातला नाही. अडाण्यासारखं काहीही उलट करून बघायचं आणि चाललं की खूश व्हायचं, हे मला पटत नाही. वर्गात एखादीने टाका चुकला म्हणून छापच बदलला तर मी तिला उसवायला लावते. मी म्हणाले, ट्रान्झिस्टर जळले असतील, नवे दोन द्या. त्याने दिले. कागदात गुंडाळताना म्हणाला, "देतो. हेही उलटेच लावणार आहात, तर अजून दोन देऊन ठेवू का?"

घड्याळात एकला पाच मिनिटं होती. त्याने शटर अर्धं ओढलं आणि मी वाकून बाहेर पडले.

घरी येऊन नवे ट्रान्झिस्टर लावले, चपटी बाजू खाली. खोकला. तेव्हा मात्र माझीही खात्री पटली की मासिक चुकलं आहे. पण म्हणून बोर्ड फिरवायला घ्यावा हे डोक्यात आलं नाही. आधी चूक ज्याची त्याच्या पदरात घालायची, दुरुस्ती मग. मी पोस्टकार्ड घेतलं आणि संपादकांना लिहिलं की आपल्या अंकातील रेखाकृती सपशेल चुकीची असून, नवशिक्यांना सहज जमेल असे छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयातील एखाद्या नवशिक्याकडून ती करवून घेतली असती तर माझ्यासारख्यांचे बारा दिवस वाचले असते. कार्ड भरलं तेव्हा पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी गेल्या. शुक्रवारी संक्रांत होती. तिळगूळ वाटायला निघाले तेव्हा वाटेत कार्ड पेटीत टाकलं आणि भेटेल त्याला गोड बोला असं सांगत फिरले.

शनिवारी दुपारी हिशेब केला. दुसऱ्या दिवशी दहाला तालीम. पेडल नाही. अध्यक्षबाई जिनसांच्या कपाटातून झांज काढून पुसून ठेवणार, हे मला दिसत होतं. त्या तसं मुद्दाम करणार नाहीत, त्यांना वस्तू पुसून ठेवायची सवयच आहे, आणि त्यामुळे ते जास्त लागणार. पेडलशिवाय गिटार नेण्यात अर्थ नव्हता. एकदा ऐकू आली नाही, आता चाळीसजणींना दुसऱ्यांदा न ऐकवण्यात काय मिळणार?

राग कुठेतरी काढायचा म्हणून दुसरं पोस्टकार्ड घेतलं. पहिल्यात पान क्रमांक घालायचा राहिला होता. त्याशिवाय संपादकाला 'कुठली रेखाकृती?' असं विचारायला मोकळी जागा मिळते. अंक शोधून ते पान उघडलं. पानाच्या मध्यभागी मी कापून घेतलेल्या चित्राची चौकोनी खिडकी होती. तिच्यातून पलीकडच्या पानावरचा मधुमक्षिकापालनाचा मजकूर दिसत होता. आणि खिडकीच्या खाली, जे मी कडेचं पांढरं म्हणून चित्राबरोबर घेतलंच नव्हतं तिथे, बारीक टाइपात एक ओळ होती: रेखाकृती भागांच्या बाजूने दिसते तशी दिली आहे. तांब्यावर उतरवताना उलटी करावी.

मी ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

भाग बसतात पट्टीच्या एका अंगाला आणि तांबं असतं दुसऱ्या अंगाला. भागांच्या बाजूने काढलेलं चित्र जसंच्या तसं तांब्यावर छापलं, तर पट्टी फिरवल्यावर डावं ते उजवं होतं. बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरला. पट्टीतून तांब्याच्या रेषांची सावली दिसत होती. चित्रात बॅटरीची तार डाव्या कोपऱ्यात होती, माझ्या बोर्डावर उजव्या. अख्खं सर्किट आरशातलं होतं. आणि मी त्यात ट्रान्झिस्टर मात्र सरळ लावले होते, तीन वेळा तापवून, एकदा नवे आणून. खुंटाही त्याचमुळे उलटा फिरत होता. तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

भरतकामात हे कधी आड येत नाही. छापाचा कागद पालथा पडला तर मोर उजवीकडे बघायचा तो डावीकडे बघतो. मोराचं काही बिघडत नाही आणि बाईही मार्क कापत नाहीत. वीस वर्षांत कुठल्याही मुलीला मी 'कागदाची बाजू बघ' असं सांगितलं नव्हतं, कारण मला ते कधी लागलंच नव्हतं.

"सापडलं," मी म्हणाले.

"कोणाची चूक?" नवऱ्याने विचारलं.

"चहा ठेवा."

त्याने ठेवला. न विचारता तिळाची वडीही आणून दिली, आणि एवढं झाल्यावर म्हणाला, "पोस्टकार्ड गेलं का गं?"

गेलं होतं. पोस्टकार्ड परत मागवता येत नाही. मी दुसऱ्या कार्डावर, जे शिव्या द्यायला घेतलं होतं त्यावर, चूक माझी असल्याचं चार ओळींत लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं की दोन्ही पत्रे एकाच दिवशी मिळाली, आभारी आहोत. पुढच्या अंकांत ती सूचना चित्राच्या चौकटीच्या आत छापायला लागले, तेवढं माझं शास्त्राला योगदान.

चहा झाल्यावर दोन्ही ट्रान्झिस्टर उसवले. खरंच उसवले म्हणण्यासारखंच काम ते, सोल्डर पातळ करून एकेक पाय ओढून काढायचा. चपटी बाजू वर करून लावले. खुंट्याच्या कडेच्या दोन तारांची अदलाबदल केली. दुकानदार म्हणाला होता दहा मिनिटं. मला चाळीस लागली, कारण एक तांब्याची रेष इतक्या वेळा तापून सुटून आली आणि तिच्या जागी तारेचा तुकडा जोडावा लागला.

साडेसहाला गिटार मांडीवर घेतली. बटण दाबलं, एक तार छेडली, कांडी सावकाश वर नेली. सूर निघाला, कांडीबरोबर चालला आणि कांडी थांबली तिथे पोचून वर उभाच राहिला. किंचित खरबरीत होता, सनईच्या अंगाचा. मी हात उचलला तरी होता.

आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "आता हा बंद कुठे होतो तेही बघून ठेव."

त्यातही तथ्य होतं. सूर थांबला की पेडल स्वतःच गुणगुणत राहायचं. अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवल्यावर गुणगुण अर्धी झाली, पण गेली नाही. तेवढ्यावर त्या दिवशी थांबले. स्वयंपाक राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना मी सोसायटीच्या हॉलमध्ये पोचले. अध्यक्षबाई पेटीचा भाता उघडत होत्या. ढोलकी वाजवणाऱ्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्या जुन्या वारजे गावातल्या, त्यांच्याच शेतावर आमची सोसायटी उभी राहिली होती आणि मंडळात ताल कोणाला कळत असेल तर त्यांनाच. मी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला तार जोडली, डबा पायाशी ठेवला आणि म्हणाले, "वाजवा पेटी. हळू नको."

पहिल्या भजनाचं ध्रुवपद त्यांनी पूर्ण भात्यावर वाजवलं. मी त्याच्यावर गिटार वाजवली. सूर पेटीच्या डोक्यावरून हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. सतरंज्या घालणाऱ्या दोघी हातातलं टाकून उभ्या राहिल्या. कडवं संपलं, पेटी थांबली, गिटार थांबली, आणि त्या शांततेत डबा भुंग्यासारखा गुणगुणत राहिला.

"हे काय?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते यंत्राचं आहे."

"ताई, लई गुणगुणतंय हो त्ये," ढोलकीवाल्या बाई म्हणाल्या. "पन वाजतंय झ्याक. मला ठेका धराया बरं हाय, दोन ओळींच्या मधी कळतं तरी की तुम्ही जाग्या हाय."

मी पायाने बटण दाबून डबा गप्प केला. अध्यक्षबाईंनी यादी काढली, सातही गाण्यांवरून बोट फिरवलं.

"भजनांना ही सनई नको. शोभणार नाही. दोन भावगीतं आहेत, त्यांना घ्या. मधे मधे बटण दाबत जा म्हणजे झालं. बाकीच्या पाचांना झांज."

"पाचांना झांज चालेल," मी म्हणाले.

त्यांनी यादीत माझ्या नावापुढचा 'झांज' तसाच ठेवला आणि दोन भावगीतांसमोर बारीक अक्षरात पेन्सिलीने 'गिटार' लिहिलं. मी पर्समधलं बॉलपेन काढलं, यादी त्यांच्या हातातून घेतली आणि ती दोन्ही 'गिटार' पेनाने गिरवली.